डावं मोकळं, उजवं मोकळं

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर रोज सकाळी एक सत्तरीचा धडधाकट माणूस येऊन उभा राहतो. उजव्या हाताचं बोट डावीकडे रोखतो आणि गल्ली दणाणेल अशा आवाजात ओरडतो, "डावं मोकळं!" मग बोट उजवीकडे. "उजवं मोकळं!" एवढा पुकारा झाल्यावर माणसाने रस्ता ओलांडावा ना? छे. हा तिथेच थांबतो. मान किंचित मागे वळवून, तीन-चार सेकंद. मग निघतो. पिशवीत असतं अर्धा लिटर दूध.

शाळेतली मास्तरकी संपवून मी सांगलीत नवा राहायला आलो तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं आणि माझ्या हातातली स्कूटरची चावी गळून पडली. माणसाला झटका आला असं समजून मी धावलो.

"काका, काय होतंय का तुम्हाला?"

"काय हुईत न्हाई," ते शांतपणे म्हणाले, "म्हनून तर वरडतोय. वरडलो न्हाई, तर मग हुतंय."

हे अप्पा. मूळचे तासगावकडचे. मिरजेहून मालगाड्या हाकण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर एका मोठ्या शहरात नवी मेट्रो व्हायची होती, तिथे ते नव्या चालकांना शिकवायला गेले. तिथून परतले ते एकटेच. पत्नी वारल्या एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

मेट्रो म्हणजे वाऱ्यासारखी धावत असेल, असं मी एकदा बोलून गेलो. अप्पांनी कपाळाला हात लावला. "गुरुजी, शहरातली गाडी म्हंजे लेकुरवाळी बाई. जरा चालली की थांबली. कागदावर ऐंशी, कामाला पस्तीस. ध्यानात ठेवा, वेग पावना हाय, ब्रेक घरचा मानूस."

गाडीचे नियम ते कुठेही लावतात. आमच्याकडे नवा मिक्सर आला तर विचारायला हजर. "ट्रायल घेतली का? आदी रिकामा, मग अर्धा, मग भरून." माझ्या मुलाच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला तर त्यांनी कहर केला. लिफ्टमध्ये पाण्याचे कॅन भरून ती चौथ्या मजल्यापर्यंत सात वेळा वर-खाली केली. भटजी वर, आम्ही यजमान खाली, मुहूर्त कधीच टळलेला. मी खालून ओरडत होतो आणि हे घड्याळ बघून वहीत काहीतरी लिहीत होते.

मीही काही कमी नाही. गणपतीत कॉलनीच्या कार्यक्रमात मी अप्पांची नक्कल केली. टोपी, बोट, आरोळी आणि मुख्य म्हणजे ते मान वळवून थांबणं. त्या थांबण्याला सगळ्यात मोठा हशा आला. पहिल्या रांगेत बसून अप्पाही हसले. त्यामुळे पुढच्या वर्षी मी नक्कल पुन्हा केली.

तर असा हा माणूस, आणि मी स्वतःच्या हाताने त्याला बागेच्या समितीत घेतला.

झालं असं, की बेदाण्याचे व्यापारी चौगुलेशेठ यांनी कॉलनीच्या बागेला छोटी आगगाडी दिली. इंजिन, तीन डबे, कारंज्याला वळसा घालून फलाटाच्या जरा पुढे संपणारे रूळ. मी समितीचा चिटणीस. उद्घाटनाला आमदार मीच ठरवले, पत्रिका छापल्या. फक्त एका जाणकाराची सही हवी होती. जाणकार म्हणजे अप्पाच. मला वाटलं, चहा पाजून सही घेऊ.

उद्घाटनाला दोन दिवस राहिले असताना अप्पांनी बागेत मांडव बघितला, गाडी बघितली आणि म्हणाले, "मानसं बसायच्या आदी माल बसतोय."

"पण रिकामी गाडी बरोबर थांबते की!"

"रिकामी तर म्हैस बी थांबती. पोरगं पंचवीस किलोचं धरा. आनि हौशी बाप बसनारच की मांडीवर घिऊन, त्यो ऐंशीचा."

चौगुलेशेठच्या गोडाऊनमधून बेदाण्याची खोकी आली. तिन्ही डबे गच्च भरले. माळीबुवांनी इंजिन सुरू केलं. कारंज्याजवळ थोडा उतार आहे. तिथून गाडी फलाटाकडे आली, माळीबुवांनी ब्रेक दाबला आणि गाडी फलाट सोडून पुढे निघाली. रूळ संपले तरी ती थांबेना. सरळ मांडवात घुसली आणि मखमली सोफा उलथा करून मगच थांबली. त्या सोफ्यावर परवा आमदार बसायचे होते.

बेदाणे हिरवळीवर पसरले. चौगुलेशेठ मटकन खाली बसले. मी सोफा सरळ करायला धावलो.

अप्पांनी टोपी नीट केली. "सही न्हाई."

"अप्पा, आमदारांना काय सांगू मी? पत्रिका वाटल्यात. माझं नाक कापलं जाईल!"

"नाक कापलं तर चालतंय, गुरुजी. पाय कापला तर?"

उद्घाटन लांबलं. आमदारांच्या माणसाने मला फोनवर जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर मी अप्पांशी बोलणंच टाकलं.

नवे ब्रेक बसले, रुळांच्या शेवटी आडवा ठोकळा आला. तीन आठवड्यांनी फिरून चाचणी. अप्पा स्वतः इंजिनावर बसले आणि मला बोलावणं आलं. चिटणीस म्हणून जावंच लागलं.

"तुमी शेवटच्या डब्यात. गार्ड. मी म्होरनं वरडनार, तुमी मागनं त्येच वरडायचं. मागनं आवाज आला न्हाई, की मी गाडी थांबवनार. एकट्याच्या डोळ्यावर गाडी हाकायची न्हाई."

गाडी निघाली. "डावं मोकळं!" बागेत फिरायला आलेली मंडळी माझ्याकडे बघत होती. मी गप्प. गाडी थांबली. पुन्हा निघाली, पुन्हा आरोळी. मी गप्प, गाडी उभी. तिसऱ्यांदा थांबल्यावर माझा राग उफाळला आणि मी खवचटपणे विचारलं, "अप्पा, कोपऱ्यावर तर तुमच्या मागे कोणी नसतं. तिथे कुणाच्या आवाजाची वाट बघता?"

अप्पांनी इंजिन बंद केलं.

"आमच्या मंडळीच्या," ते म्हणाले.

मी डब्यातून पुढे वाकलो.

"मेट्रोत पोरास्नी शिकवायच्या आदी मलाच शिकाय लागलं. घरात पलंगाच्या ह्या टोकाला मी ड्रायवर, त्या टोकाला ती गार्ड. भाजी निवडत बसायची. मी वरडलो की ती वरडायची. समदी स्टेशनं, समदी वळनं, कुटं किती वेग, लय पाठ. परीक्षा तिची असती तर पयली आली असती." अप्पा हसले. "पयल्या गाडीत बसायचं म्हनायची. तारीख दोनदा लांबली. तिसऱ्यांदा सायबांनी मला लेखी इचारलं, वळनावर भरलेली गाडी हेलपाटती, तरी चालू करायची का? तवा ही आजारी हुती, गुरुजी. मी घरी आलो, म्हनलं, हो म्हनून लिवू का? तू बसशील तरी. तर माझ्यावरच उसळली. म्हनली, माझ्या एकटीच्या हौसेपायी लोकांची लेकरं बसिवताय व्हय त्यात?"

"मग?"

"न्हाई म्हनून लिवलं. आनखी सा म्हैनं गेलं. गाडी सुरू व्हायच्या म्हैनाभर आदी ती गेली. मी बी त्या गाडीत प्रवाशी म्हनून कवा बसलो न्हाई."

मला दोन वर्षांची ती नक्कल आठवली. ज्या थांबण्यावर मी टाळ्या घेतल्या, ते थांबणं हे होतं, आणि हा माणूस पहिल्या रांगेत बसून हसला होता. माझी मान वर होईना. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"चला, गुरुजी," अप्पांनी इंजिन सुरू केलं. "डावं मोकळं!"

त्या फेरीत मी एकही आवाज चुकवला नाही. गाडी फलाटावर बरोबर थांबली आणि अप्पांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घराच्या फाटकाशी उभा होतो. अप्पा दूध घेऊन कोपऱ्यावर आले. बोट गेलं. "डावं मोकळं! उजवं मोकळं!" मान किंचित मागे वळली.

"डावं मोकळं! उजवं मोकळं!" मी फाटकातून ओरडलो.

समोरच्या बाल्कनीतून कोणीतरी हसलं. अप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि न थांबता रस्ता ओलांडला.