चोवीस पिंपं आणि एक बोल्ट

पुण्यात दोन दिवसांचं प्रशिक्षण काय झालं, व्यवस्थापक इंद्रजितचे पाय जमिनीला लागेनात! "काकू, आपली अंतर्गत तपासणी अशी बसवतो, की बाहेरच्या तपासनिसानं नुसता चहा पिऊन जावं!" असं मालकीणबाईंना सांगून तो मोकळा झाला. वरवे गावाजवळचा हा लोणच्याचा कारखाना रतनकाकूंनी स्वतःच्या स्वयंपाकघरातून वाढवलेला. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "बसव बाबा. पण माणसांना विचारून बसव."

विचारलं की! म्हणजे जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना गोळा करून सांगितलं. प्रत्येकानं दुसऱ्याचं काम तपासायचं. कागदावर तीन रकाने. काय दिसलं, कुठं दिसलं, कुणामुळं.

"म्हंजी चुगलीच की!" फुलाबाई म्हणाल्या. कैऱ्या चिरण्यात त्यांची हयात गेलेली, त्यामुळं जीभही धारेची.

"चुगली नाही मावशी! ही पद्धत आहे! आणि तोंडी काही सांगायचं नाही. माझ्याशीसुद्धा नाही. जे असेल ते कागदावर!"

"मला लिवता कुठं येतंय?"

"ही शेफाली लिहील तुमचं. तुम्ही अंगठा द्या."

शेफाली तीन आठवड्यांपूर्वी कामाला लागलेली. सरांसमोर तिच्या तोंडून आवाज फुटायचा नाही. तिनं मान हलवली.

इथवर सगळं बरं होतं. पण शहाण्याला गप्प बसवेल तर ना! ही माणसं खरंच बघतात की नुसतं 'ठीक' लिहून मोकळी होतात, हे पाहायला इंद्रजितनं सापळे लावले. तपासणीच्या दिवशी सकाळी लवकर येऊन त्यानं पिंपांच्या खोलीत सात आणि सतरा या पिंपांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. मग एक बोल्ट स्वच्छ धुऊन, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, सात नंबरच्या लोणच्यात ढकलला. संध्याकाळी काढून घेऊ म्हणाला आणि विसरला.

कागद जमा झाले. सगळ्यात वर त्याच्याच ऑफिसचा कागद होता, पिंपांची खोली सांभाळणाऱ्या मोहसीननं भरलेला. तिन्ही रकान्यांत 'ठीक'. इंद्रजित हसला. "बघा! मला माहीतच होतं!" बाकीचे न वाचताच त्यानं ड्रॉवरमध्ये जेवणाच्या डब्याखाली सरकवले.

गुरुवारी सकाळी टेम्पो दारात उभा राहिला. चोवीस पिंपांची, आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. चार वाजता निघायचंच, असा काकूंनी शब्द दिलेला. टेम्पो बघितला आणि इंद्रजितला आठवलं. बोल्ट!

"मोहसीन, सात नंबरचं पिंप आण. लवकर!"

"कुठलं सात, सायेब? जुनं का नवं?"

"म्हणजे?"

"चिठ्ठ्या चुकलेल्या हुत्या. म्या सगळी पिंपं तारखेपरमानं लावली अन् नवीन नंबर टाकलं. जुन्या चिठ्ठ्या फेकल्या." मोहसीन शाबासकीची वाट बघत उभा.

इंद्रजित पिंपांच्या खोलीकडं धावला. त्यात आपण आधी चिठ्ठ्या बदलल्या की आधी बोल्ट टाकला, हेही त्याला आठवेना. म्हणजे आता चोवीसातलं कुठलंही!

झालं! झाकणं उघडली, झारे आले, बायका पिंपांत वाकल्या. काकू धावत आल्या. इंद्रजितनं सापळ्याची हकीकत सांगितली, पण अर्धीच. "तपासण्यासाठीच ठेवला होता काकू, पण ही खोली तपासायला फुलामावशींकडं होती ना! त्यांना बोल्टच दिसला नाही!"

"सर, कागदावर..." शेफाली पुटपुटली.

"कागद नंतर! झारा धर!"

फुलाबाई त्या दिवशी भोरला डोळे दाखवायला गेल्या होत्या. ते कळल्यावर तर इंद्रजितला जोरच चढला. "गेल्या ते बरंच झालं! इलाजच हवा त्यांच्या डोळ्यांना!" दोघी-तिघी हसल्या.

"सर, त्या कागदावर..."

"शेफाली, एक शब्द नको!"

साडेतीनपर्यंत एकवीस पिंपं ढवळून झाली. इंद्रजित कोपरापर्यंत तेलानं माखला, केसांत मोहरी गेली. आणि दारात फुलाबाई उभ्या राहिल्या. मघाशी हसलेल्या दोघी-तिघींनी खाली बघितलं.

"काय हुडकताय?"

"बोल्ट!" इंद्रजित ओरडला. "तुम्हाला दिसला नाही तो!"

फुलाबाईंनी कमरेची चंची सोडली. पान-सुपारीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि त्याच्या तेलकट हातावर ठेवली. "ह्यो का? तुमी टाकला तवा म्या पिंपामागं फरशी पुसत हुते. तुमी गेलासा अन् म्या काढला. डाक्टर म्हणाला, लांबचं लई झ्याक दिसतंय."

"मग... मग सांगितलं का नाही मला?"

"तुमीच म्हणालासा की! तोंडी न्हाई, कागदावर."

काकू तडक ऑफिसात गेल्या. ड्रॉवर उघडून, डबा उचलून कागद काढले, फुलाबाईंच्या अंगठ्याचा शोधला आणि तिथूनच मोठ्यानं वाचला. "काय दिसलं, पिशवीत बोल्ट. कुठं, सात नंबर. कुणामुळं, साहेब."

खोलीत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं इंद्रजितला वाटलं. डोळ्यांचं आपण काय बोललो, ते आठवून त्याला फुलाबाईंकडं बघवेना.

ढवळलेल्या लोणच्यावर तेलाचा थर पुन्हा नीट बसल्याशिवाय फुलाबाईंनी एकही पिंप उचलू दिलं नाही. टेम्पो दुसऱ्या दिवशी गेला. दिलेला शब्द मोडल्याची माफी काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा फोनवर मागितली, आणि ती इंद्रजितला समोर उभं राहून ऐकावी लागली.

फोन ठेवून त्यांनी त्याच्या ऑफिसचा तो पहिला कागद पुढं सरकवला. तिन्ही 'ठीक' खोडलेले. "घे. नीट भर."

त्यानं लिहिलं. काय दिसलं, न वाचलेले कागद. कुठं, ड्रॉवरमध्ये, डब्याखाली. तिसऱ्या रकान्यापाशी पेन अडलं ते अडलंच.

फुलाबाई दारातून बघत होत्या. त्यांना दया आली असावी.

"लिवा की, सायेब," त्या हळूच म्हणाल्या. "चुगली न्हाई ती. पद्दत हाय."