अठरा किलोंची गोगलगाय

कुणी आपल्या लेखनात एखाद्या शोधनिबंधाचा दाखला दिला, की तो निबंध एक किलोने जड होतो, म्हणून विद्यापीठाने ग्रंथालय तळमजल्यावरच ठेवलं आहे.

डॉ. दिग्विजय शितोळे यांचा हृदयविकारावरचा निबंध दीड टनावर गेला आणि फरशी खचली, तेव्हा त्यांनी शेजारची खोली मागितली. त्या खोलीत डॉ. कुमुद आचरेकर वीस वर्षं गोगलगायींवर काम करत होत्या. त्यांचा निबंध अठरा किलोंचा. झाडलोटीच्या वेळी त्या स्वतःच तो उचलून खिडकीत ठेवत.

"राग मानू नका बाई," शितोळे म्हणाले, "पण अठरा किलोंना खोली कशाला? कपाट पुरे."

"वजन करून ठरवू," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी रीतसर अर्ज केला.

तिसऱ्या दिवशी सरकारी वजन निरीक्षक चांदोरकर मोठा तराजू घेऊन आले. बाईंनी स्वतःच स्वतःचे दिलेले दोन दाखले त्यांनी आधी चिमट्याने काढले. "आपली पाठ आपणच थोपटलेली धरत नाहीत." सोळा किलो उरले. मग दुसऱ्या पारड्यात त्यांनी एक बारकासा निबंध ठेवला.

"हा जगाचा सरासरी निबंध. बाईंचा निघाला त्याच वर्षीचा, गोगलगायींवरचाच. ब्राझीलपासून जपानपर्यंत सगळ्या देशांचा मिळून. चार किलो." त्यांनी वहीत लिहिलं, 'चौपट'.

शितोळे हसले. "माझा दीड टन आहे."

"तुमचा हृदयविकाराच्या सरासरीशी तोलायचा." ती सरासरी क्रेननेच आणावी लागली. तीन टन भरली. पारडं खाली बसलं आणि शितोळ्यांचा निबंध वर जाऊन छताला टेकला. चांदोरकरांनी लिहिलं, 'निम्मा'.

"अहो, पण मोठा कोण, हे डोळ्यांना दिसतंय."

"हत्ती डोळ्यांना दिसतोच, साहेब. तो हत्तींमध्ये केवढा, एवढंच आम्ही लिहितो."

खोली बाईंकडे राहिली. त्यांनी त्याच दुपारी भिंतीत आणखी एक फळी ठोकून घेतली, कारण व्हिएतनामहून एखादा दाखला येईल असं त्यांना वाटत होतं.

संध्याकाळी शितोळे दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ त्यांनी काचेच्या पेटीतल्या गोगलगायी पाहिल्या.

"बाई, तुमच्या पुढच्या निबंधात माझ्या निबंधाचा एखादा दाखला बसेल का?"

"गोगलगायीलाही हृदय असतं," बाई म्हणाल्या. "आधी वाचते. मग सांगते."