आपटेकाकांचा शिळा पाव

आपटेकाका दर शनिवारी सकाळी आमच्या दारात येतात आणि विचारतात, "प्राजक्ता, शिळा पाव आहे का?"

माझी आई पुण्याहून पहिल्यांदा परदेशात, आमच्या न्यू लिनला आली तेव्हा दार तिने उघडलं. पांढऱ्या केसांचा, पायात जांडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, पण चांगल्या घरातला दिसणारा मराठी माणूस शिळा पाव मागतोय म्हटल्यावर तिचे डोळेच भरून आले. तिने चार पोळ्या, मटकीची उसळ आणि वर लिंबाची फोड असं सगळं डब्यात भरून दिलं. काकांनी ते आवडीने खाल्लं आणि दुपारी डबा परत करताना म्हणाले, "उसळ झकास होती हो वहिनी. आता पाव?"

पाव त्यांना खोडायला लागतो. आतला मऊ गर मळून गोळी केली की पेन्सिलीचं लिखाण कागदाला न दुखवता निघतं, असं त्यांचं ठाम मत आहे. काका निवृत्त फार्मासिस्ट. आमच्या भागात हौशी लोकांचा एक ऑर्केस्ट्रा आहे, त्याचे कागद ते सांभाळतात. वादक तालमीत आपापल्या पानांवर पेन्सिलीने खुणा करतात. कार्यक्रम झाला की सगळी पानं गोळा करून त्या खुणा खोडायच्या, हे काकांचं काम. तीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं वाचलेल्या माणसाला ही निव्वळ चैन वाटते.

"पण काही लोक दाबून लिहितात गं!" ते वैतागून सांगतात. "शिसं निघतं, पण कागदावर खोबण राहते. उजेडात तिरकं धरलं की सगळं दिसतं. असल्या लोकांच्या हातात पेन्सिल देऊच नये."

स्वतः काकांना शिटीसुद्धा वाजवता येत नाही. तरी तालमीत कोणी चुकीच्या जागी सुरू झालं की मागच्या खुर्चीवरून ते पुटपुटतात, "डोस चुकला." संगीत संचालिका सुझनला हे मराठी आता पाठ झालंय. परवा तिने ट्रम्पेटवाल्याला सगळ्यांसमोर ऐकवलं, "मेट, डोस चुक्ला!" तो "स्वीट अ‍ॅज", म्हणजे 'चालेल की', म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून लागला.

काकांचा देव एकच, दोनशे वर्षांपूर्वीचा व्हिएन्नातला एक सिंफनीकार. त्याचं नाव ते घेत नाहीत, पूर्वीच्या बायका नवऱ्याचं घेत नसत तसं. बापाच्या शाळेत काही वर्षं पोरांना शिकवलं म्हणून त्याला 'मास्तर' म्हणतात. मास्तर बुटके होते, चष्मा लावूनच झोपायचे, मित्रांकडे मुक्काम ठोकायचे आणि एकतिसाव्या वर्षी गेले. माझ्या सख्ख्या मामांबद्दल मला एवढी माहिती नाही.

"मोठी सिंफनी लिहिली, ती बिचाऱ्यांना कार्यक्रमात ऐकायलाच मिळाली नाही. भावाच्या घरी पडून होती!" काका हळहळतात. मग त्यांच्या आणखी एका सिंफनीवर येतात आणि तिथे त्यांचा पारा चढतो. "ही चारातले दोनच भाग लिहून अर्धी राहिली. हस्तलिखित एका मित्राकडे होतं. त्या शहाण्याने काय करावं? चांगली चाळीसेक वर्षं कपाटात ठेवलं! मास्तर गेले तरी पठ्ठ्या गप्प! अगं, कपाटात ठेवायची वस्तू आहे का ती?" आपला मिक्सर नेऊन कोणी परत केला नसावा, अशा तळतळाटाने ते त्या मित्राला बोलतात.

गेल्या महिन्यात सुझनने ठरवलं की याच दोन भागांच्या सिंफनीचा आपला जुना संच टाकानिनी उपनगरात नव्याने निघालेल्या ऑर्केस्ट्राला द्यायचा. कायमचा, आणि सगळी पानं खोडून. काका "येस, येस" म्हणाले. पण त्या शनिवारी ते पाव मागायला आलेच नाहीत. पुढच्या शनिवारीही नाही. तिसऱ्या शनिवारी दुपारी मीच पाव घेऊन त्यांच्याकडे गेले.

टेबलावर गठ्ठे पडलेले. "बरं झालं आलीस," म्हणत त्यांनी मला चेलोची पानं दिली. तासभर आम्ही दोघं खोडत बसलो. मग काका चहा टाकायला आत गेले. माझी पानं संपली होती. शेजारच्या खुर्चीवर वर्तमानपत्राखाली व्हायोलाची पानं दिसली. राहून गेली असतील असं वाटून मी मोठ्या उत्साहाने शेवटच्या पानापासून सुरुवात केली. शेवटच्या सुराखाली एक ओळ होती, ती न वाचताच साफ केली. मग आधीचं पान उघडलं आणि हात जागीच थांबला. खुणा मराठीत होत्या.

'घाई नको.' 'श्वास घे.' आणि व्हायोलाला बराच वेळ गप्प बसायचं होतं तिथे, 'दिगू झोपला.' त्याखाली, 'घोरतोय. सुझन बघतेय.'

दिगू म्हणजे दिगंबर, म्हणजे आपटेकाका. आणि हे अक्षर त्यांच्या बायकोचं, वसुधाकाकूंचंच असणार. मी इथे राहायला यायच्या आदल्या वर्षी त्या गेल्या. त्या व्हायोला वाजवायच्या, काका त्यांना गाडीने तालमीला न्यायचे आणि मागच्या खुर्चीवर बसून राहायचे, एवढंच मला माहीत होतं.

काका चहाचे कप घेऊन दारात उभे होते. मला रडूच फुटलं. "काका, मी शेवटची ओळ खोडली हो. मी वाचलीसुद्धा नाही."

आता ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी कप खाली ठेवले, पान घेतलं आणि खिडकीशी गेले. उजेडात ते तिरकं धरून बराच वेळ बघत राहिले. मग एकेक शब्द लावत वाचलं, "'संपलं. दिगू अजून बसलाय.'"

मी डोळे पुसले.

"दाबून लिहायची," काका म्हणाले. "हजारदा सांगितलं, वसू, एवढं दाबू नकोस."

"काका, आता टाकानिनीला काय देणार?"

"त्यांना मी हाताने नवीन पानं लिहून देईन. आठवडा जाईल, जाऊ दे. सुझनला सांगतो, डोस चुकला." त्यांनी कपाट उघडलं आणि ती पानं औषधांच्या जाड पुस्तकांखाली नीट सरकवली. कपाटाच्या दारावर हात ठेवून ते जरा ओशाळल्यासारखे उभे राहिले.

"मास्तरांच्या त्या मित्राला मी फार बोललो गं," ते म्हणाले. "त्याचंही काहीतरी असेल."