हिराजीभाऊ पडून बघतात

नवा माणूस दिसला की हिराजीभाऊ त्याला नमस्कार करत नाहीत. त्याच्या मागे जातात आणि त्याला ढकलतात.

जोरात नाही हो. पाठीवर तळहाताचा एक धक्का, तोही माणूस बेसावध असताना. माणूस धडपडतो, तोल सावरायला एक पाय पुढे टाकतो आणि शिव्या द्यायला मागे वळतो. तोवर हिराजीभाऊंनी त्याच्या पायाकडे बघून निकाल दिलेला असतो. "डावा." नाहीतर, "उजवा." संपलं. मग चहा विचारतात.

बायकांना ते हात लावत नाहीत, मर्यादेचे पक्के. बायकांसाठी वल्ह्याचा दांडा आहे. सहा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच दिवशी, तो माझ्या पाठीत बसला. मी हातातलं रजिस्टर त्यांच्या टाळक्यात घालणार होते.

"रागवू नका वैनी," ते म्हणाले, "पर तुमी उजव्या."

"मी कोण आहे ते दाखवते आता तुम्हाला!" मी म्हटलं. तर हा माणूस खाली बसून माझी चप्पल निरखायला लागला. म्हणे, टाच एका बाजूनं झिजलीय, गुडघा दुखतो का? दुखत होता. रजिस्टर खाली ठेवलं.

खालापूरच्या अलीकडे, भाताच्या खाचरांना लागून, मुंबईच्या एका शेठनी एक लांबलचक तळं खणून घेतलंय. तिथं मी ऑफिस सांभाळते. ऑफिस म्हणजे एक टेबल, चहाचा गॅस आणि ओली लाइफ जॅकेटं वाळत घालायची दोरी. राहायला मी भिसेगावात, स्कूटीवरून येते-जाते. तळ्यावर काय चालतं? बोटीच्या मागे दोरी, दोरीच्या टोकाला माणूस आणि माणसाच्या पायाखाली फळी. दोन्ही पाय एकाच फळीवर, एकामागे एक. पाण्यात सोडलेल्या सहा लाल गोळ्यांना नागमोडी वळसे घालत जायचं. याला स्लॅलम म्हणतात. फळीला मुंबईची मंडळी स्की म्हणतात, हिराजीभाऊ फळीच म्हणतात. कुठला पाय पुढे ठेवायचा हे माणसाला विचारून कळत नाही, कारण विचारलं की तो विचार करायला लागतो. ढकललं की पाय आपोआप सांगतो. एवढं साधं शास्त्र आहे. पण हिराजीभाऊंनी ते तळ्यापुरतं ठेवलं नाही. बँकेतला साहेब, गॅसवाला, त्यांच्या पुतण्याचा सासरा, सगळ्यांचे पाय त्यांना ठाऊक आहेत. तो सासरा तर भर मांडवात अक्षता हातात घेऊन उभा होता. पुतण्या अजून टोमणे खातोय.

तळ्याआधी हिराजीभाऊ भातगिरणीची इंजिनं दुरुस्त करायचे. आता बोट सांभाळतात आणि फळ्या जुळवून देतात. बोटीला ते 'म्हस' म्हणतात, कारण तिला पाण्यातून बाहेर काढायचं म्हणजे चार माणसांनी हुसकावावं लागतं. सकाळी आल्यावर आधी तिच्या पोटाशी कान लावून बसतात. पंख्याचा दांडा बोटीतून बाहेर जातो तिथं थोडं थोडं पाणी ठिबकलं पाहिजे म्हणे, तरच दांडा थंड राहतो. त्या वेळी कोणी बोलायचं नाही. मी एकदा फक्त "भाऊ, चहा" म्हटलं तर हात वर करून माझा पुतळा केला.

"भाऊ, चहा निवतोय!"

"निवू द्या. घाई कसली? पाणी काय पळून चाललंय?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेठना, गिऱ्हाइकांना, मला, सगळ्यांना तेच. एकदा मात्र त्यांची चांगलीच जिरली. बोटीच्या तळाला एक भोक असतं. बोट बाहेर काढली की त्याचं बूच काढून आतलं पाणी सोडून द्यायचं आणि परत पाण्यात घालण्याआधी बूच लावायचं. आपल्या माघारी कोणी म्हशीला हात लावू नये म्हणून हिराजीभाऊ ते पितळी बूच खिशात घालून घरी नेतात. त्याच पुतण्याच्या लग्नाला नेरळला गेले तेव्हाही सदऱ्याच्या खिशात ते होतं. इकडे बोट चालवणाऱ्या संतोषनं गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर बोट पाण्यात सोडली. पाच मिनिटांत गिऱ्हाइकाचे बूट भिजले. दहा मिनिटांत सीटवर पाणी. मी फोन केला तर मांडवातले ताशे ऐकू येत होते आणि त्यावर हिराजीभाऊ ओरडत होते, "म्हस पाणी प्याली का? नाक वर धरा तिचं! येतो!" आले ते फेट्यासकट. गुलाबी फेटा बांधलेला माणूस बोटीखाली उताणा पडून बूच पिळतोय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा पोट धरून हसले होते. आताही हसू येतं, पण मधे एक महिना असा गेला की हसायची सोय नव्हती.

माझी धनश्री बारावीला आहे. बाराव्या वर्षापासून ती हिराजीभाऊंच्या हातच्या फळीवर उभी राहते. दरवर्षी तिचा पाय वाढायचा आणि दरवर्षी ते फळीवर बसवलेला बूट एक भोक सरकवायचे. त्यांना मूलबाळ नाही. चप्पल आणताना मी दुकानात तिचं माप चुकते, हिराजीभाऊ कधी चुकले नाहीत. बुटाची लेस तेच बांधायचे आणि किती आवळायची त्या जागी लेसवर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे. (नेलपॉलिश माझं. मागून नेलं ते परत आलं नाही.) "ठिपक्याच्या पुढं नाय हां पोरी," हे प्रत्येक वेळी. माणूस पडला की बुटातून पाय सुटला पाहिजे. नाही सुटला तर फळी पायाला पिळून काढते.

महिन्याभरापूर्वीच्या एका रविवारी तेच झालं. पाच गोळे तिनं घेतले, सहाव्याला फळी उलटली. मागचा पाय सुटला, पुढचा सुटलाच नाही. तिची किंकाळी मला ऑफिसात ऐकू आली. घोटा डोळ्यांदेखत सुजत होता, बूट निघेना. शेवटी संतोषनं सुरीनं लेस कापून पाय मोकळा केला. लेसचे तुकडे गेले पाण्यात.

आणि मी? मी तळ्याच्या धक्क्यावर सगळ्यांसमोर हिराजीभाऊंना नको नको ते बोलले. "तुमच्या हातानं माझ्या पोरीचा पाय गेला असता! भातगिरणीच बघायची होती, माणसाच्या पायाशी कशाला खेळता?"  ते आपल्या हातांकडे बघत उभे राहिले.

कर्जतला एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं, देवाची कृपा. चार आठवडे प्लॅस्टर. प्लॅस्टर निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, "चालू दे, पोहू दे, काही होत नाही." पण धनश्री तळ्याचं नाव काढलं की उठून आत जायची. जेवायची नाही धड. मला वाटलं, पोरगी घाबरली. पाण्याची भीती एकदा बसली की सुटणं कठीण, आणि पाच वर्षांची तिची सगळी हौस त्या पाण्यात होती.

तळ्यावरही तीच कळा. हिराजीभाऊंनी पाना खाली ठेवला. म्हशीचं करायचे, फळीला हात लावायचे नाहीत. "माजा हात चुकला," एवढंच. मुंबईहून नवीन मंडळी आली, त्यांना ढकललंसुद्धा नाही. नुसता नमस्कार केला. मला तो नमस्कार बघवेना. पण तोंडानं 'माझं चुकलं' म्हणायला जीभ उचलत नव्हती, कारण चूक कोणाची हे मला तरी कुठं कळलं होतं?

परवाच्या गुरुवारी मी धनश्रीला जवळजवळ ओढून तळ्यावर नेलं. म्हटलं, पाण्यात जाऊ नको बाई, तुझे कपडे आणि पिशवी महिनाभर तिथं पडलीय ती तरी घेऊन ये. आम्ही नेहमीपेक्षा तासभर आधी पोचलो. गिऱ्हाईक नव्हतं, पण बोट चालू होती. मागे दोरी होती आणि दोरीला काहीतरी होतं. आधी वाटलं, ताडपत्री अडकलीय. ती ताडपत्री पाण्यातून अर्धी वर आली, उकिडवी बसली, दोन क्षण थरथरली आणि तोंडावर आपटली.

हिराजीभाऊ! गुडघ्यापर्यंतची चड्डी, त्यावर नारिंगी लाइफ जॅकेट आणि पायाखाली धनश्रीची फळी. बासष्ट वर्षांचा माणूस. उभ्या जन्मात कधी फळीवर पाय ठेवलेला नाही. "मी जुळवनार, चढनार तुमी," म्हणायचे.

संतोषनं बोट वळवून धक्क्याजवळून नेली तशी मी ओरडले, "अरे, काय चाललंय हे? म्हाताऱ्याला मारतोस काय?"

"वैनी, तिसरा दिवस हाय आज!" संतोष रडकुंडीला आला होता. "ऐकतच नायत. आधी होती तशीच नवी लेस बांधलीय, ठिपका देऊन, ठिपक्यापर्यंत. पडून बघतायत पाय सुटतो का. दर टायमाला सुटतोय, तरी म्हणतात अजून एकदा. आता म्हणतात बोट जोरात ने, हळू पडल्यावर समजत नाय!"

मागे पाण्यातून आवाज आला, "कशापायी थांबलास रं? वढ दोरी!" डोक्याला टेंगूळ आलं होतं, कोपर खरचटलं होतं. दोन्ही हातांनी दोरीचा दांडा धरून, फळीचं टोक वर काढून, हा माणूस पुन्हा पडायला तयार.

माझ्या शेजारची धनश्री पुढे सरकली. मी तिला धरायला गेले तर माझा हात झटकून ती धक्क्याच्या टोकापर्यंत धावली. लंगडत नाही हां, धावली.

"काका, बास करा!" ती ओरडली. "लेस मी आवळली होती! तुमची पाठ फिरल्यावर आवळली. मला सहावा गोळा घ्यायचा होता. टाच सैल वाटत होती म्हणून..." 

संतोषनं इंजिन बंद केलं.  मला आधी तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, मग स्वतःच्या.

हिराजीभाऊ पाण्यात तरंगत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"किती आवळलीस?"

"ठिपक्याच्या पुढे दोन बोटं."

"दोन बोटं," ते म्हणाले. मनाशी हिशोब केल्यासारखी मान हलवली. मग दांडा सोडून दिला आणि पाठीवर आडवे झाले. लाइफ जॅकेटवर तरंगत, आभाळाकडे तोंड करून दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले. संतोष घाबरून उडी मारणार होता, पण ते श्वास सोडत होते. एवढा मोठा श्वास मी कोणाला सोडताना ऐकला नव्हता.

"मंग माजा हात नाय चुकला," हाताआडून म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "आयला, मंग मी तीन दिवस उगाच पडलो व्हय गं?"

संतोष हसला, मी हसले, हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी. साडीचा घोळ हातात धरून मी बोट काढायच्या उतारावरून गुडघाभर पाण्यात गेले.

"भाऊ, मी त्या दिवशी बोलले ते..."

"बराबर बोललात. आयनं नाय बोलायचं तर कुणी बोलायचं?" ते उतारावर येऊन बसले. अंग थरथरत होतं. मी धावत जाऊन टॉवेल आणला, तो त्यांनी बाजूला ठेवला. "पोरी, हिकडं ये. बस. पाय पुढं कर."

धनश्री बसली. त्यांनी तिचा घोटा दोन्ही हातांत धरून हळूहळू आत फिरवला, बाहेर फिरवला. "हितं दुखतंय?"

"नाही."

"खरं बोल. हितं?"

"नाही, काका."

चार आठवडे मी देवापुढे रोज दिवा लावत होते. पण जीव भांड्यात पडला तो त्या क्षणी. त्यांचा अंगठा तिच्या घोट्यावर दाबला गेला आणि ती कळवळली नाही, तेव्हा.

हिराजीभाऊंनी मान वर केली. आवाज अगदी खाली आला होता. "आदीच सांगायचं ना गं. मी तुला वरडलो असतो काय?"

धनश्रीनं नाक पुसलं. "नाही. म्हणूनच सांगता येत नव्हतं."

 तिचा पाय मांडीवर घेऊन ते तसेच बसून राहिले, केसांतून पाणी गळत होतं तरी. मी चहा टाकायला म्हणून ऑफिसात गेले आणि गॅस न पेटवताच बराच वेळ तिथं उभी राहिले.