मृतांच्या रविवारची कॉफी

शनिवारी संध्याकाळी गावातली दुकानं थेट सोमवारपर्यंत बंद झाली की अख्खी इमारत ओटमार वायगेल यांच्या भरवशावर असायची. निदान त्यांची स्वतःची तरी तशी खात्री होती! कुणाकडचं लोणी संपलं, कुणाकडची अंडी, की लोक वरच्या मजल्यावर येऊन त्यांची बेल वाजवायचे. ओटमार कुणालाही रिकाम्या हातानं पाठवत नसत, आणि उपदेश ऐकवल्याशिवायही पाठवत नसत.

त्या शनिवारी आली खालच्या मजल्यावरची वीबके. हॉस्पिटलात नर्स. ड्यूटी संपेपर्यंत दुकानं बंद झालेली. सगळ्यांसारखीच तीही त्यांना जर्मन रिवाजानं 'हेर', म्हणजे श्रीयुत, म्हणायची.

"हेर वायगेल, थोडी कॉफी मिळेल का हो?"

ओटमारनी कोरं पाकीट काढून तिच्या हातात ठेवलं. "रविवार काही अचानक उगवत नाही, पोरी! दर आठवड्याला येतो. ठरल्या दिवशी!"

"हो, हेर वायगेल," म्हणत ती सटकली.

रविवारी दुपारी ते तळघरात दुसरं पाकीट आणायला गेले. फडताळात काकडीचं लोणचं होतं, जॅम होता, मेणबत्त्या होत्या. कॉफी नव्हती! आणि चार वाजता गेझीना यायच्या होत्या.

इर्महिल्ड, म्हणजे ओटमारची बायको, जिथे पुरली होती, त्याच्या शेजारीच गेझीनांच्या नवऱ्याचं थडगं. फुलांना पाणी घालायच्या झारीची देवाणघेवाण करता करता दोघांची ओळख वाढली. शेवटी ओटमारनी धीर करून त्यांना घरी कॉफीला बोलावलं. "केक मी आणते, स्वतः केलेला!" गेझीना म्हणाल्या होत्या. आनंदाच्या भरात एक गोष्ट मात्र दोघांच्याही लक्षात आली नाही. तो रविवार नेमका मृतांचा रविवार निघाला! नोव्हेंबरातल्या या दिवशी गाव थडग्यांवर दिवे लावतं आणि घरात गुपचूप बसतं. मोठ्यानं हसतसुद्धा नाही कुणी. सकाळी ओटमारनी इर्महिल्डसाठी दिवा लावला, तर वारा नसताना तो दोनदा विझला. तेव्हापासून त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं.

आता कॉफी मागायची कुणाकडे? साऱ्या इमारतीला तर उपदेश करून ठेवलेला! राहता राहिलं नदीकाठचं ते नवं, माणसांशिवाय रविवारीही चालणारं दुकान. दाराला कार्ड दाखवायचं, आत जायचं, वस्तू घ्यायची, यंत्राला पैसे द्यायचे. ओटमार त्याला 'आळशांचं दुकान' म्हणत. त्यांनी टोपी कानांवर ओढली आणि मागच्या दारानं निघाले.

बाहेर धुकं असं होतं, की स्वतःचे बूटही नीट दिसेनात. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढलेले. दफनभूमीच्या भिंतीपलीकडे शेकडो लाल दिवे मिणमिणत होते. मागून पावलं वाजल्यासारखी वाटली. ते थांबले. पावलंही थांबली. ते भराभर चालू लागले.

दुकानाचं दार आपोआप उघडलं आणि मागे आपोआप मिटलं. आत काळोख. ते एक पाऊल पुढे गेले, तर डोक्यावरचा दिवा लागला. पुढचं पाऊल, पुढचा दिवा. मागचे विझत गेले. "आपले स्वागत आहे," कुठूनतरी एक बाई गोड आवाजात म्हणाली. ओटमारनी घाईघाईनं हाताला लागलं ते कॉफीचं पाकीट उचललं.

तेवढ्यात दार पुन्हा उघडलं.

ओळखीचं कुणी निघालं तर? सगळ्या गावात छी थू! ओटमार फडताळाआड उकिडवे बसले आणि श्वास रोखून राहिले. ते हलेनात, म्हणून त्यांच्यावरचा दिवा विझला. पलीकडच्या ओळीतला लागला. काळा लांब कोट, डोक्यावरून ओढलेली शाल, हातात लाल दिवा, थडग्यावर ठेवतात तसा. इर्महिल्डला पुरताना अगदी असाच कोट घातला होता!

ओटमारचा गुडघा कटकन वाजला. आकृती जागच्या जागी थिजली. तिच्यावरचाही दिवा विझला. मिट्ट अंधार. अंधारात कुणीतरी श्वास घेत होतं.

ओटमारना घाम फुटला. "इर्महिल्ड," ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "रागावू नकोस गं! नुसती कॉफी आहे! लग्नाचं मी अजून तिच्याकडे बोललोसुद्धा नाही!"

आकृती एक पाऊल पुढे आली. पलीकडचा दिवा लागला.

"कुणाच्या लग्नाचं, हेर वायगेल?"

गेझीना! एका हातात नवऱ्याच्या थडग्यासाठी घेतलेला दिवा, आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या डब्यातला तयार केक.

ओटमारनी केककडे पाहिलं. गेझीनांनी कॉफीकडे पाहिलं. दोघांचेही चेहरे त्या दिव्यापेक्षा लाल झाले.

"माझा करपला," गेझीना पुटपुटल्या.

"माझी संपली," ओटमार म्हणाले. "आणि ते लग्नाचं... ते मी भीतीनं..."

"भीतीनं माणूस खोटं नाही बोलत," गेझीना म्हणाल्या आणि केक घेऊन यंत्राकडे वळल्या. "चला, पैसे भरा. आणि पाकीट मोठं घ्या. दर रविवारी लागेल!"

ओटमार गेझीनांबरोबर हवेत तरंगतच घरी पोहोचले. पाकीट फोडलं, तर आत अख्ख्या बिया! दळायला घरात काही नाही. कुटायच्या म्हटल्या, तर रविवारी ठोकाठोक बंद, आणि जिन्यात तशी पाटी लावलेली खुद्द ओटमारनीच!

"खाली मागून आणा की," गेझीना म्हणाल्या. "मला कॉफीशिवाय केक जात नाही. आणि हा तर विकतचा आहे!"

मग काय, ओटमार खाली उतरले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा शेजाऱ्यांची बेल वाजवली. वीबकेनं दार उघडलं. त्यांचा चेहरा पाहूनच ती सगळं समजली, आत गेली आणि दळलेल्या कॉफीचं कालचंच पाकीट घेऊन आली. देण्याआधी तिनं घसा खाकरला.

"रविवार काही अचानक उगवत नाही, हेर वायगेल!"

वर दार उघडंच होतं. गेझीना खो खो हसत सुटल्या, आणि मृतांच्या रविवारी ते हसणं साऱ्या इमारतीनं ऐकलं.