काळ्या फरशीवरचं पांढरं नाव

मयुरीचा साखरपुडा झाला ते दोन हजार तेवीसचं साल, महिना मे. मयुरी माझी नात. ती चौथीत असताना तिनं मला स्वतःच्या पाटीवर अक्षरं शिकवली. तेव्हा माझी साठी उलटली होती! म्हणून मी ठरवलं, तिच्या साखरपुड्याआधी अमडापुरातलं आमचं मातीचं अंगण असं फरशीबंद करायचं, की धाड गावचे होणारे सोयरे दारातच थबकले पाहिजेत!

चिखलीच्या दुकानात जनकाबाई, म्हणजे आमची घरधनीण, खरबरीत शहाबादीवर हात ठेवून उभी राहिली. "हे घ्या. पायाले बरी."

"ते गोठ्यात टाकतात!" मी म्हणालो आणि काळा ग्रॅनाईट पसंत केला. कसा चकचकीत! नुकत्याच धुतलेल्या म्हशीसारखा!

"उन्हाळ्यात तवा होईन त्याचा."

"तुले काय समजते वं दगडातलं?"

वाहेद मिस्त्रीनं विचारलं, "चाचा, मधात संगमरवरात तुमचं नाव बसवू काय? केवढी अक्षरं काढू?"

"विमानातून वाचता आली पाहिजे!"

मग मंडपवाला खांब रोवायला आला. नव्या फरशीला भोकं? "मंडप रद्द!" मी गरजलो. दारावर स्वतः खडूनं लिहिलं, 'चपला बाहेर काढा.' एक काना की मात्रा चुकली नाही!

पाहुणे सकाळी यायचे होते, पण त्यांची जीप वाटेत बंद पडली. ते आले भर दुपारी. दारावरचं माझं अक्षर वाचून सगळ्यांनी मुकाट चपला काढल्या. बौद्धाचार्य गोविंदा सर बुद्धमूर्तीपुढच्या जाड चटईवर उभे राहिले, बाकी सगळे हात जोडून उघड्या फरशीवर. त्रिसरण सुरू झालं.

वर हात जोडलेले आणि खाली पायांची तारांबळ! डावा उचल, उजवा उचल. नवरदेव प्रसेनजित तर बगळाच झाला होता.

माझी सून सारिका कुजबुजली, "मामाजी, पोराले झटके येते काय? सांगतलं नाही त्याईनं!"

तिकडून नवरदेवाची आत्या, जयमालाबाई, "पोरगी लंगडते काय वं?"

"लंगडते? तुमचा पोरगा थयथय नाचून राह्यला, ते पाहा!"

जोडलेले हात तसेच ठेवून दोघी भांडू लागल्या! चटईवरच्या गोविंदा सरांना काहीच भाजत नव्हतं. ते शांतपणे म्हणाले, "लोकांचं लक्ष दिसत नाही. पुन्हा सुरुवातीपासून घेऊ."

पुन्हा सुरुवातीपासून! मला राहवेना. मी बादली उचलली आणि फरशीवर ओतली. पाणी पॉलिशवर पडायची देर, नवरदेवाचे वडील धपकन बसले आणि घसरत थेट भाताच्या पातेल्यापर्यंत गेले!

"चला रे जीपमध्ये!" जयमालाबाई कडाडल्या. "नाही करायची सोयरीक या घरात!"

मयुरीचा चेहरा पडला. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "इकडे या! पांढरं कमी भाजते!"

झालं! सगळे पाहुणे माझ्या नावावर! 'गु'वर नवरदेव, 'ला'वर त्याचे भिजलेले वडील, 'राव'वर जयमालाबाई दोन्ही पाय रोवून. विमानातून वाचायचं नाव जमिनीवरूनही दिसेना.

जनकाबाईनं सरकीची रिकामी पोती पाण्यात बुडवली, ओढत आणली आणि सगळ्यांच्या पायाखाली पसरली. मग जयमालाबाईंना म्हणाली, "आत्याबाई, पोरीचे पाय चांगले हायेत. तिच्या आज्याचं डोकं तेवढं भाजेल हाय."

जयमालाबाईंना हसू आवरेना. साखरपुडा पोत्यांवर पार पडला. एकाही फोटोत माझी फरशी नाही. सगळीकडे सरकीची पोती!

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "उखडून टाकतो." जनकाबाई म्हणाली, "राहू द्या. पोरीनं शिकवलेलं नाव हाय." पण दारापासून नळापर्यंत तिनं एक पोतं अंथरून ठेवलं आणि त्यावरूनच चालली.

त्या फरशीचं कौतुक मी एकदाच ऐकलं. अंगणात गाव अनवाणी जमलं होतं. कोणीतरी हळूच म्हणालं, "फरशी मस्त गार हाय." मला मान वर करता आली नाही.

जनकाबाई दोन हजार चोवीसच्या डिसेंबरात, आठ तारखेला पहाटे वारली.