परबकाकांची ‘पोरां’

शिजवलेल्या ज्वारीवर बुरशी आली की माणसं नाक मुरडतात. आमचे परबकाका अंगात शर्ट चढवतात आणि ती दाखवायला बाहेर पडतात. मुलुंडला आमची दारं समोरासमोर, त्यामुळे पहिला मान माझा.

"बघ, कशी भरली पोरां," म्हणत ते त्या ज्वारीची पिशवी माझ्या पोह्यांच्या ताटलीला टेकवून ठेवतात. बुरशीला ते ‘पोरां’च म्हणतात. या पिशव्या ठेवलेल्या त्यांच्या कपाटापाशी मोठ्याने बोलायची सोय नाही. "हळू रे, पोरां जेवतत."

हा सगळा खटाटोप गॅलरीतल्या पानवेलीसाठी. काकांनी गावचं घर विकलं, तेव्हा तिथल्या वेलीची फांदी इथे आणून लावली. दर रविवारी तिची पानं गोरेगावला, थोरल्या बहिणीकडे जातात. यंदा वेल पिवळी पडली. काकांनी मूळ उकरून दाखवलं, तर जपमाळेसारख्या गाठी. आत सूत्रकृमी, डोळ्यांना न दिसणारे.

"विषारी औषध घातलं तर पान खायचं कसं? आपली पोरां त्यांची अंडी खातत. फक्त धीर धरूक होयो."

मग काका लग्नाला सावंतवाडीला गेले. चावी देताना म्हणाले, "पाणी घाल. डोकं चालवू नको."

मी डोकं चालवलं. कुंडीतल्या मातीवर पांढरी बुरशी पसरलेली दिसली. पिशवीतली बुरशी काकांची आणि कुंडीतली रोगाची, अशी माझी समजूत. शेजारधर्म उफाळून आला. नर्सरीतून बुरशीनाशक आणलं आणि पुडीवर लिहिलं होतं त्याहून सढळ हाताने ओतलं.

काका परतले. त्यांनी चिमूटभर माती हुंगली.

"काय घातलंस?"

मी सांगितलं.

"झकास. मातीत सोडलेल्या पोरांचीच वाट लावलीस."

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नवी ज्वारी धुवायला घेतली. वेलीला आता मोजून दोन-चार पानं उरली होती, तीही मलूल.

"काका, तोवर ताईंना मार्केटमधली पानं पाठवा ना," मी म्हटलं.

"ती ओळखतली."

"मग फोन करून सांगा, वेल आजारी आहे म्हणून."

काकांनी कुकरचं झाकण लावलं, शिट्टी बसवली.

"घर विकल्यापासून बोलत नाही रे ती माझ्याशी. मी आपला तिच्या वॉचमनकडे पानांची पुडी ठेवून येतो." त्यांनी गॅस बारीक केला. "परत नाय पाठवल्यान कधी."